गळाचा चारा

जालन्याचा माणूस मासेमारीवर लिहितोय म्हटल्यावर काही जण हसणार, हे मला माहीत आहे. हसा. जालना म्हटलं की स्टीलच्या सळया, बियाणं, मोसंबी आणि उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर एवढंच डोळ्यांपुढे येतं. समुद्र बघायचा तर रात्रभर गाडीत बसावं लागतं. पण जरा नकाशा बघा. जिल्ह्याच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते. अंबड, घनसावंगी, परतूर हे तालुके अलीकडे आणि बीड जिल्हा पलीकडे. माझं आजोळ घनसावंगी तालुक्यात, अगदी नदीकाठी. त्यामुळे पोहायला शिकायच्या आधी मला गळ टाकता येत होता.

विषय निघाला तो दाजींमुळे. माझी चुलत बहीण रत्नागिरीला दिलेली आहे. दाजींना एकच व्यसन, किनाऱ्यावरून मासे धरायचं. दहा-बारा फुटांची काठी, मोठं रीळ, दोरीच्या टोकाला शिसं, आणि भाट्याच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून लाटांच्या पलीकडे गळ भिरकवायचा. लागला तर रावस, तांबोशी, खाडीच्या तोंडाशी नशीब असेल तर जिताडा. नाही लागला तर सूर्यास्त बघून घरी यायचं. मी त्यांच्याबरोबर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा सूर्यास्त फार सुंदर होता!

मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दाजी मोठ्या माशाबद्दल फारसं बोलतच नाहीत. त्यांचं सगळं लक्ष बारक्या मासळीवर. पेडवे आलेत का, बोयची पिल्लं खाडीतून बाहेर पडलीत का, सुरय पक्षी कुठल्या बाजूला सूर मारतायत. पाण्यावर एका ठिकाणी पाऊस पडल्यासारखं चुरचुरलं की ते पळत सुटतात. "मोठा मासा बघायचा नसतो हो, त्याचं ताट कुठे मांडलंय ते बघायचं," असं त्यांचं म्हणणं.

आणि मी चाट पडलो, कारण शब्द वेगळे असले तरी हेच वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमचे मामा, ज्यांनी आजतागायत समुद्र पाहिलेला नाही, ते म्हणतात, "मरळ कुठं हाय ते इचारू नको. बारकं कुठं हाय ते इचार."

बारकं म्हणजे आमच्या गावी बोटभर लांबीची सगळीच मासळी. पुस्तकात त्यांना वेगवेगळी नावं असणार, आमच्याकडे मात्र सगळ्यांचं मिळून एकच नाव. पण मामांना ते वेगवेगळे ओळखू येतात. एक चांदीच्या पट्टीसारखा सडपातळ, पाण्याच्या अगदी वरच्या थरात पळणारा. एक रुंद खवल्यांचा, शेपटीपाशी काळा ठिपका असलेला. एक मिशीवाला, वाळूला पोट चिकटवून बसणारा. शिवाय झिंगे. मरळ आणि शिवडा धरायचा तर गळाला यातलंच काहीतरी जिवंत लावावं लागतं. कणकेच्या गोळीला मरळ ढुंकूनही बघत नाही. तेव्हा गळवाल्याचा खरा प्रश्न नेहमी हाच असतो की आज बारकं मिळणार कुठे आणि किती.

मामांचं वर्ष मृगाला सुरू होतं. पहिल्या दोन-तीन दणक्या पावसांत ओढे वाहते झाले की रात्रीतून बारकं नदीतून ओढ्यात चढायचं. कोकणात आणि मावळात याला चढणीचे मासे म्हणतात. पाणी गढूळ, वरून धो धो येणारं, आणि हे बोटाएवढे जीव त्याच्या उलट निघालेले. बांधावरून पडणाऱ्या धारेवर उड्या मारायचे, पडायचे, परत उडी मारायचे. पोटं अंड्यांनी टम्म. रानात साचलेल्या उथळ पाण्यात, गवताच्या मुळांशी अंडी घालायची आणि पाणी ओसरायच्या आत परत फिरायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. त्या रात्री निम्मं गाव कंदील, टोपली, जुनी मच्छरदाणी, मिळेल ते घेऊन ओढ्यावर असायचं. मामाही जायचे, पण दोन ओंजळींच्या वर त्यांनी कधी आणलं नाही. मी मोठेपणी याचं फार कौतुक करायला लागलो, तेव्हा मामीनं हवाच काढली. आजी माळकरी. घरात मासा चालायचा नाही. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर एक छोटी कढई, आणि तिच्यात मावायचे दोनच ओंजळी! असो. कारण काही का असेना, ओढ्यात उरलेलं बारकं उरलं ते उरलंच.

पुढे पाणी लाल-गढूळ. या दिवसांत बारक्याचा काही उपयोग नाही, गढुळात मरळीला ते दिसतच नाही. गांडूळ लावायचं आणि वासावर येणाऱ्या वाम आणि शिंगाळ्यांची वाट बघायची. श्रावण आला की तेही बंद. गळ आढ्याला टांगलेला, तो पोळा होईपर्यंत. गावाने श्रावण पाळला तो देवासाठी, पण त्या महिन्यात ओढ्याकाठच्या गवतात अंड्यांतून निघालेलं पिलवळ वाढत असायचं, हेही खरं.

मासळीच्या सरकारी खात्यात या पिलांसाठी शब्द फार छान आहेत. अगदी नुकती निघालेली ती मत्स्यजिरे. हातावर घेतली तर खरंच जिऱ्यासारखी दिसतात. बोटाएवढी झाली की बोटुकली. ज्या कुणी कारकुनाने किंवा साहेबाने हा शब्द काढला असेल त्याला माझा नमस्कार. भाद्रपदात कधी कधी पाण्यावर नारळाएवढा एक लालसर गोळा सरकताना दिसतो. ती मरळीची पिलं. शेकड्यांनी एकत्र, आणि त्यांच्या खाली आई-बाप पहाऱ्यावर. त्या गोळ्यात गळ टाकला तर मोठी मरळ हमखास चावते, कारण तिला भूक नसते, राग असतो. मामा त्या गोळ्यावर गळ टाकत नाहीत आणि टाकणाऱ्याशी बोलत नाहीत. याला मात्र कढईचं कारण नाही, हे मी मामीला विचारून घेतलंय.

मग आश्विन-कार्तिक. पाणी निवळतं, तळाची वाळू दिसायला लागते आणि काठाकाठानं बारक्याचे थवेच्या थवे. पाणकावळे रांगेने बुडी मारतायत, सुरय वरून पडतायत, बगळ्यांना तर मान वर करायला फुरसत नाही. नवख्याला वाटतं, आता मासेमारीची चंगळ! पण होतं उलटंच. चारा ओंजळीने मिळतो आणि गळाला काही लागत नाही. मरळीच्या चहूबाजूंनी ताटं मांडलेली असताना ती तुमच्या दोरीला बांधलेला एकुलता एक घास कशाला खाईल? दाजींचाही हाच अनुभव. पेडव्यांचे मोठे थवे किनाऱ्याला लागले की काठीवाले हात चोळत बसतात, आणि थवे विरळ झाले की रावस गळाकडे वळतो.

म्हणून मामांचे खरे दिवस माघ-फाल्गुनाचे. धार बारीक होते, नदीचे डोह होतात, बारकं डोहात गोळा होतं आणि त्याच्यामागे मोठी मासळीही. चारा शोधायला दोन तास, पण गळ टाकल्यावर दहा मिनिटांत मोरपिसाच्या दांडीचा तरंगणारा तुकडा गप्पकन खाली. चैत्र-वैशाखात उरलेल्या डोहांवर मामा जात नसत. "ते बियाणं हाय," म्हणायचे. बियाण्याच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे सगळं मी भूतकाळात लिहितोय ते उगीच नाही. मामा आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलीय, मोतीबिंदू काढल्यापासून नजर पूर्वीपेक्षा बरी. नदीही आहे. पण मामांचं हे वर्ष आता नदीला लागू पडत नाही, आणि ते का, हे समजून घ्यायचा मी गेली काही वर्षं प्रयत्न करतोय.

पहिला धक्का दुष्काळाचा. २०१२ चा पावसाळा गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्हा राज्यात सगळ्यात होरपळलेल्यांपैकी होता. म्हातारी माणसं १९७२ ची आठवण काढत होती. मग २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षं पुन्हा कोरडी. डोहांतलं 'बियाणं' डोहांसकट गेलं. मरळ चिवट, ती वरची हवा घेऊन चिखलातही दिवस काढते. चांदीपट्टीला ते जमत नाही. २०१६ ला पाऊस चांगला झाला, ओढे वाहिले, मामा मृगाच्या रात्री कंदील घेऊन गेले आणि रिकामे परत आले. पाणी होतं, पण चढायला खाली नदीत कुणी उरलंच नव्हतं. दोन-तीन वर्षांनी थोडं थोडं दिसायला लागलं. कुठला तरी डोह वाचला असेल, कुठून तरी पुरात वाहून आलं असेल. गावात काही जण अजून म्हणतात की अंडी ढगातून पडतात. ती पडत नाहीत. ती उरावी लागतात.

इथे दाजींची गोष्ट परत येते. त्यांच्या बोलण्यात नेहमी तारलीचं रडगाणं असायचं, आता पूर्वीसारखी येत नाही म्हणून. पेडवे आणि तारली ही समुद्रातली बारकी मासळी. रावसापासून डॉल्फिनपर्यंत सगळे तिच्यावर जगतात. मी जरा वाचलं तर आकडे बघून गप्पच झालो. तारलीचं खरं माहेर केरळचा किनारा. तिथे २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली. २०२१ साली साडेतीन हजार टनसुद्धा नाही! कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यात एल निनोकडे बोट दाखवलं, आणि जोडीला आधीच्या वर्षांतल्या बेसुमार मासेमारीकडे. एल निनो म्हणजे तिकडे दूर प्रशांत महासागराचं पाणी तापणं. २०१५ चा एल निनो मोठ्यांतला एक. त्याच वर्षी आमच्याकडे पाऊस रुसला. म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावरचे दाजी आणि गोदावरीच्या काठावरचे मामा, दोघांच्याही चाऱ्याच्या दुखण्याची मुळं एकाच पाण्यात होती. दोघांची गाठ माझ्या लग्नात पडली तेवढीच, आणि तेव्हा ते जिलेबीबद्दल बोलले.

तारली परत आली, हेही सांगायला हवं. २०२३ साली केरळात पुन्हा लाखाच्या वर टन मिळाली. समुद्राला एक सोय आहे. तो अडवलेला नाही. थोडी उरलेली मासळी हव्या त्या पाण्यात जाऊ शकते. शिवाय तिच्यासाठी नियम आहेत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. केरळात दहा सेंटिमीटरच्या आतली तारली धरायची नाही असा कायदा आहे. आमच्या बारक्याला असा कायदा लावायचा म्हटला तर पंचाईत, त्यातल्या बहुतेकांची म्हातारपणीची लांबीच तेवढी!

नदीचं दुसरं दुखणं पाण्याच्या वेळेचं. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मामांनी धरणाआधीची नदी पाहिलीय. तेव्हा आषाढात गोदावरीला नाशिककडून पाणी यायचं आणि नदी आधी भरायची, मग ओढे. आता वरची धरणं भरणार, मग जायकवाडी भरणार, आणि त्यातूनही उरलं तर सांडव्यावरून आमच्याकडे येणार. ते येतं ऑगस्टमध्ये, सप्टेंबरमध्ये, कधी येतच नाही. नाशिक-नगरवाल्यांशी आमचं पाण्याचं भांडण हा वेगळा विषय आहे, त्यात मी आत्ता पडत नाही. माशाच्या बाजूने एवढंच की अंडी घालायची वेळ मृग-आर्द्रेची आणि मोठ्या पाण्याची वेळ झाली उत्तरा-हस्ताची. बारक्याला मागच्या पाच-दहा हजार वर्षांची सवय आहे. आपलं पाण्याचं वेळापत्रक त्याला कुणी कळवलेलं नाही.

धरणाच्या खाली आता बंधाऱ्यांची माळ आहे. आमच्या तालुक्यात जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी. पावसाळा संपता संपता दरवाजे बंद होतात आणि नदीचं एकापुढे एक ठेवलेल्या तळ्यांत रूपांतर होतं. या पाण्यावर ऊस उभा आहे, मोसंबीच्या बागा तगल्या आहेत, मामांचीही अडीच एकर त्यातच आली. तेव्हा बंधारे वाईट असं म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. फक्त माघ-फाल्गुनात धार बारीक होऊन डोह व्हायचे, ते आता होत नाही. काठोकाठ थांबलेलं हिरवं पाणी.

आणि थांबलेल्या पाण्याची राणी म्हणजे चिलापी. हा आफ्रिकेतला मासा भारतात १९५२ साली आला. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिलंसुद्धा धोका वाटला की तिच्या तोंडात शिरतात. तिला ना पूर लागतो, ना ओढा, ना मृग. उथळ काठ आणि शांत पाणी मिळालं की वर्षातून कितीही वेळा पिलावळ. कटला, रोहू, मृगळ यांचं नेमकं उलटं. ते वाहत्या पुराच्या पाण्यातच अंडी घालतात, तळ्यात घालत नाहीत. म्हणून त्यांचं बीज बाहेर तयार करावं लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. आज त्या तारखेला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस असतो. धरणांत, तलावांत दरवर्षी सोडतात ती बोटुकली याच पद्धतीची. म्हणजे बघा, मोठ्या माशांचं बीज माणूस सोडतो, चिलापी स्वतःचं स्वतः बघते, आणि मधल्यामध्ये बारकं कुणाच्याच हिशेबात नाही. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला पाठ असतं, आज किती टक्के भरलं ते रोज पेपरात येतं. बारकं यंदा किती आहे हे ज्यांना माहीत असतं ते काठावर बसलेले चार-दोन गळवाले आणि भोई.

चाऱ्याच्या दृष्टीने बघाल तर गळवाल्याचं आता उत्तम चाललंय. बारा महिने, कुठल्याही बंधाऱ्याच्या काठी, मच्छरदाणीचं कापड एकदा ओढलं की चिलापीची वीस पिलं. पाठीवरचे काटे तेवढे कातरीने छाटायचे आणि लावायचं गळाला. मरळीची काही तक्रार नाही. मी मामांना म्हटलं, "मग आता बरंय की. शोधायचा त्रास गेला." मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रोजच पुरणपोळी केली तर सण कामून कळायचा?"

मला हे तेव्हा म्हाताऱ्या माणसाचं हळवेपण वाटलं होतं. नंतर तात्यांनी दुसरी बाजू सांगितली. तात्या मामांचे दोस्त, भोई समाजाचे, तीन पिढ्या नदीवर. त्यांचं चिलापीशी वैर नाही. उलट त्यांच्या पोराचं आयटीआय चिलापीच्या पैशावर झालं, आणि तो आज जालन्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. पण पूर्वी आठवडी बाजारात तात्यांची आई बारक्याचे वाटे लावायची. पळसाच्या पानावर मूठभर वाटा. तो घेणारी माणसं म्हणजे ज्यांना किलोने मासा परवडत नाही ती. मजूर बाया, ऊसतोडीहून परतलेले, पारधी, आणि महिन्याच्या शेवटी मास्तरसुद्धा. अख्खा मासा, डोक्यासकट, काट्यासकट, ज्वारीचं पीठ लावून तव्यावर कुरकुरीत. पोरांना ती म्हातारी दटावायची की डोकं टाकायचं नाही, डोळ्याला चांगलं असतं. बांगलादेशात मोला नावाच्या अशाच बोटभर माशावर शास्त्रज्ञांनी काम केलंय. त्याच्या डोळ्यांपाशी आणि पोटात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, आणि काट्यासकट खाल्ला की चुना मिळतो तो वेगळा. मोठ्या माशाचा तुकडा खाऊन हे मिळत नाही, कारण त्याचं डोकं आणि काटे आपण टाकून देतो. चिलापीची पिलं कुणी वाट्याने विकत नाही. ती वाढवून किलोने विकायची असतात. म्हणजे पळसाच्या पानावरचा तो वाटा बाजारातून उठला, आणि त्याच्या जागी काही आलं नाही. सुकट येते म्हणा, कोकणातून पोत्यांनी. तिचाही भाव आता मुठीचा राहिलेला नाही.

मिशीवाला तर वेगळ्याच कारणाने गेला. त्याला वाळू लागते. गोदावरीच्या वाळूबद्दल जालना-बीडच्या माणसाला मी काय सांगणार! रात्री हायवा धावतात, दिवसा सगळे झोपलेले असतात. वाळू होती तेव्हा कोरड्या नदीतही हातभर झिरा खणला की पाणी लागायचं. गुरांना, माणसांना आणि वाळूखालच्या ओलीत दडलेल्या जिवांनाही. काठावरून पाहिलं तर आता तिथे काळा खडक आणि चिखल.

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरअखेर, मराठवाड्यात जो पूर आला तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. जायकवाडीतून प्रचंड पाणी सोडलं. गोदाकाठची गावं हलवावी लागली. मामांचं सोयाबीन गेलं, कपाशी आडवी झाली, घरात कमरेएवढं पाणी, आणि बांधावरची माती वाहून गेली ती आता पाच वर्षांत भरून यायची नाही. महिनाभर मासा हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता आणि मीही काढला नाही. दिवाळीला गेलो तेव्हा पंचनाम्याच्या कागदांचा ढीग आणि भिंतीवर पाण्याची रेघ.

पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मामांचा नातू मला ओढ्यावर घेऊन गेला. आठवीत आहे. पुराच्या पाण्याने बंधारे, काठ, ओढे सगळं एक करून टाकलं होतं काही दिवस, आणि ओसरताना ते काय काय ठेवून गेलं होतं कोण जाणे. ओढ्याच्या निवळ पाण्यात चांदीपट्टीचा थवा होता. मोठा नाही, दोन-तीन ओंजळी भरतील एवढा. वळताना सगळा एकदम चमकायचा. मी तो पंधरा-वीस वर्षांनी बघत होतो. पोराने तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला, त्यामुळे तो अगदी शांतपणे म्हणाला, "हे आलेत सध्या."

त्याच्याकडे शंभर पानी वही आहे. मीच त्याला ती दिली होती, पण नाद लावला तो मामांनी. दर रविवारी ओढ्यात मच्छरदाणीचं कापड एकदाच ओढायचं, निघेल ते मोजायचं, लिहायचं आणि सोडून द्यायचं. कापड तेच, जागा तीच, वेळ सकाळची. मोजणी नेमकी जमत नाही, थवा असला की गोंधळ होतो, म्हणून मामांनी तीनच खाने करून दिलेत, लई, थोडं, न्हाई. वर महिन्याचं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही, नक्षत्रही. पोराने स्वतःहून एक खाना वाढवलाय, बंधाऱ्याचा दरवाजा उघडा की बंद.

मार्गशीर्षापर्यंतची पानं मी फोनवर मागवून घेतली. चिलापीपुढे प्रत्येक रविवारी 'लई'. ठिपकेवाल्यापुढे 'थोडं'. चांदीपट्टी कार्तिकात 'लई', मग 'थोडं', दरवाजा बंद झाल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी 'न्हाई', आणि पुढच्या रविवारी पुन्हा 'थोडं'. झिंग्यांपुढे एकदा चहाचा डाग आहे. मिशीवाल्यापुढे त्याने पहिल्या पानापासून 'न्हाई' लिहिलं होतं. ते मामांनी सगळीकडे खोडायला लावलंय आणि वर त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय, 'अजून दिसला नाही'.

मी दाजींना ती पानं पाठवली. त्यांचा लगेच फोन आला, वहीबद्दल नाही, तर ओढ्याच्या तोंडाशी मरळ दिसते का हे विचारायला. मृगाला जालन्यात येतो म्हणालेत, काठी घेऊन. काठी घरी ठेवा म्हटलं, कंदील आणा.